कणगीतून सांडलेला पत्ता

आमचे प्रफुल्ल भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, जन्मजात भित्रे. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलते, आणि तेही "वहिनी, खरं आहे तुमचं" म्हणून मान डोलावतात. गॅसची नळी, लिफ्ट, साहेबांचा निरोप, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, यातलं काहीही त्यांना घाबरायला पुरतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्या बौद्ध घरातून ब्रह्मराक्षसाला आजोबांच्या पिढीनेच हाकलून लावलं, पण भाऊजींनी त्याच्या जागी दुसरे इतके राक्षस कामावर ठेवले की विचारू नका.

मूळ आम्ही यवतमाळकडचे. माझे मिस्टर विनय आणि भाऊजी, दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. दोघांनाही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात एकाच ब्लॉकमध्ये सरकारी क्वार्टर मिळालं हा योगायोग, आणि त्यामुळे भाऊजींच्या प्रत्येक भीतीची पहिली खबर मला मिळते हा त्याचा दंड. ते आकडेवारीच्या कामात असतात. नोकरीच्या सुरुवातीला एकदा वीज गेली आणि त्यांनी आठवडेच्या आठवडे बसून भरलेली माहिती कॉम्प्युटरमधून साफ उडाली. कुणी त्यांना बोललंसुद्धा नाही. पण त्या दिवशी जी धडकी भरली ती भरलीच. त्या धडकीतूनच त्यांनी संध्याकाळी घरी बसून स्वतःचा डेटाबेस लिहायला घेतला.

डेटाबेस म्हणजे काय, हे त्यांनी मला माझ्याच स्वयंपाकघरात समजावलं होतं. डाळ-तांदूळ आपापल्या डब्यात भरून ठेवायचे, आणि 'मूग दे' म्हटलं की मूगच निघाले पाहिजेत, तेही न सांडता. बाजारात असे मोठमोठे प्रोग्राम आहेत, सगळं जग ते वापरतं. भाऊजींचा लहानसा, जरा हळू चालणारा, पण हट्टी. लिहिलेलं प्रत्येक अक्षर तो दोनदा लिहून ठेवायचा आणि ताडून बघायचा. वर तुम्ही काही पुसलंत तरी तो ते पोटात ठेवून घ्यायचा. एक बटण होतं, 'मागचं दाखव'. ते दाबलं की पुसलेलं सगळं पुन्हा समोर. "चुकून पुसलं गेलं तर काय करायचं, वहिनी?" हे त्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण.

नाव ठेवलं 'कणगी'. त्यांची मुलगी लुंबिनी दिल्लीतच वाढलेली. तिने विचारलं, "कणगी मतलब? किसी का नाम है क्या, बाबा?" मग भाऊजींनी तिला बांबूची, शेणाने लिंपलेली, धान्य साठवायची कणगी कागदावर काढून दाखवली. त्यांच्या आजीच्या घरी होती म्हणे. उंदीर शिरू नये म्हणून आजी रोज तिच्याभोवती हात फिरवून बघायची. हे भित्रेपण खानदानी आहे, हे मला तेव्हा कळलं.

कणगी त्यांनी इंटरनेटवर फुकट ठेवली होती. घेणारं कोण? आमच्या विहारातलं वाचनालय, फरीदाबादचा एक दातांचा डॉक्टर आणि आमचा वधू-वर परिचय मेळावा. झालं.

मेळाव्याचं सांगते. विदर्भ-मराठवाड्यातली आमची कुटुंबं दिल्लीत, नोएडात, गुरुग्रामात विखुरलेली. मुलांची लग्नं जमायची कशी? म्हणून थंडीत आम्ही कोपर्निकस मार्गावर एक हॉल घेतो, आणि मुलं-मुली स्टेजवर येऊन आपापली ओळख करून देतात. कमिटीत मी आहे. मुलीची उंची, शिक्षण, पगार, आई-वडिलांचा फोन, घरचा पत्ता, सगळं कणगीत भरायचं. पत्ता लागतोच, कारण मुलाकडचे शेवटी घर बघायला येतात. पण तो कमिटीबाहेर कुणाला दाखवायचा नाही, हा आमचा नियम. लोक आपल्या मुलींची माहिती आमच्या हातात देतात ती विश्वासावर.

लुंबिनी नोएडाला एका कंपनीत आहे. तिला बापाचा फार अभिमान, आणि फार रागही. "बाबा, चीज इतकी अच्छी आहे यार, पण कोणाला माहीतच नाही. तुम्ही सांगतच नाही कोणाला." बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे मी तिला दोनदा समजावून सांगितलं आणि तिसऱ्यांदा तिने ते मलाच ऐकवलं. नोएडाच्या एका कॉलेजात फुकट सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं संमेलन भरणार होतं. तिने परस्पर भाऊजींचं नाव देऊन टाकलं. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं.

तालीम आमच्या घरच्या हॉलमध्ये झाली. भाऊजी पडद्याकडे बघून बोलायचे.

"वहिनी, कुणी प्रश्न विचारला तर?"

"उत्तर द्या."

"आणि उत्तर आलं नाही तर?"

"पाणी प्या."

लुंबिनीने आणखी एक गोष्ट सुचवली, आणि ती चुकीची नव्हती. नव्या माणसाने कणगी घेतली की त्याला खेळून बघायला काहीतरी हवं, रिकाम्या डब्यात हात घालून कुणाला काय कळणार? म्हणून नमुन्याची एक फाइल सोबत द्यायची. भाऊजींनी मेळाव्याची फाइल घेतली, कारण मराठी नावांचे सगळे नमुने तिच्यात होते. मग बसून एकेक नाव पुसलं, त्या जागी खोटं नाव घातलं. फोन खोटे, पत्ते खोटे. दहादा तपासलं. तपासण्यात त्यांचा हात कोण धरणार? मग ती फाइल कणगीबरोबर इंटरनेटवर गेली.

संमेलनाला आम्ही सगळे गेलो. भाऊजींचा आवाज असा कापत होता की मला स्टेजवर जाऊन त्यांना खाली घेऊन यावंसं वाटलं. त्यांनी घरचा जुना कॉम्प्युटर आणला होता. कणगीत नावं भरली जात होती, पडद्यावर दिसत होती, आणि मध्येच भाऊजींनी वाकून प्लगच उपटला. सगळा हॉल "अरे!" म्हणाला. पुन्हा सुरू केलं, तर शेवटच्या नावापर्यंत सगळं जागच्या जागी. भाऊजी माइकमध्ये म्हणाले, "जी, मुझे बिजली जाने से डर लगता है. इसलिए बनाया." लोक हसले, आणि मग टाळ्या थांबेनात. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, आणि तो फिरला.

त्यानंतर कणगी लोक नेऊ लागले. इंदूरहून, जयपूरहून, केरळातून, कुठल्या कुठल्या शाळा-दुकानांतून. लुंबिनी रोज आकडा वाचून नाचायची. भाऊजी मात्र आकडा वाढला की जास्तच गप्प व्हायचे. "इतक्या लोकांचं धान्य आपल्या कणगीत, वहिनी. कुणाचं काही सांडलं तर?" मी म्हटलं, जरा सुखाने जगा. माणसाला नाव मिळालं तर तो मिठाई वाटतो, हे बसलेत नखं खात.

आता ऋचाबद्दल सांगायला हवं. ती खालच्या मजल्यावरच्या रमाबाईंची मुलगी; विहारामुळे त्यांची-आमची जुनी ओळख. रमाबाईंचे मिस्टर गेले, त्यांच्या जागी रमाबाईंना नोकरी लागली, आणि त्या नोकरीवर त्यांनी मुलीला शिकवलं. लग्नही चांगलं पाहून करून दिलं. मुलगा आपल्याच समाजातला, गुरुग्रामला मोठ्या पगारावर, बोलायला गोड. घरात तो हात उचलायचा. ऋचा सुटली, रीतसर घटस्फोट झाला, पण तो सुटला नाही. तिच्या ऑफिससमोर येऊन उभा राहायचा. आईच्या घरासमोर बाइक लावून बसायचा. बोलायचा काही नाही, नुसता बघत बसायचा. पोलिसांनी समज दिली की चार दिवस जायचा, पुन्हा यायचा. शेवटी ऋचाने नोकरी बदलली, नंबर बदलला, आणि रमाबाईंनी अर्ज-विनंत्या करून जुन्या कॉलनीतून बदलून इथलं क्वार्टर घेतलं. नागपूरच्या सख्ख्या नातेवाइकांनाही फक्त 'दिल्लीतच आहोत' एवढंच माहीत. त्याचं नाव आम्ही कुणी घेत नाही. 'तो' म्हटलं की पुरे.

गेल्या थंडीत ऋचाने मेळाव्यात पुनर्विवाहासाठी नाव दिलं. पुन्हा कुणावर विश्वास ठेवावा असं तिला वाटलं, याचाच मला केवढा आनंद झाला होता.

तो रविवार होता. मी मेथी निवडत बसले होते. दारावर थाप नाही, बेल नाही, रमाबाई तशाच आत आल्या. पायात चप्पल नव्हती.

"ताई, ऋचाला फोन आला. कोणीतरी माणूस. म्हणाला, आप ऋचा जी बोल रही हैं, लक्ष्मीबाई नगर से? तिने कट केला. आता बाथरूममध्ये कडी लावून बसलीय. उघडत नाही."

मी घाबरले. खरंच सांगते, खोटं धैर्य दाखवून काय मिळणार? त्या पोरीच्या गालावरचा वळ मी पाहिलेला आहे. आम्ही दोघी आधी भाऊजींकडे धावलो, कारण विनय बाजारात गेले होते आणि घरात पुरुषमाणूस म्हणून तेवढेच.

भाऊजी कॉम्प्युटरसमोर बसले होते. आमच्याकडे वळले. आम्ही तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "वहिनी, ऋचाला फोन आला का?"

मी त्या प्रश्नाला जितकी घाबरले तितकी आयुष्यात कशालाच घाबरले नसेन. तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं. त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. जयपूरच्या एका शाळामास्तरांची मेल होती. त्यांनी कणगी घेतली होती, नमुन्याची फाइल उघडली होती, आणि सहज म्हणून 'मागचं दाखव' दाबलं होतं. खोट्या नावांखालून खरी नावं वर आली. मुलींची. मास्तर सज्जन माणूस. लिहिलं होतं की ही माणसं खरी वाटतात, खात्री करावी म्हणून ऋचा या नावापुढच्या नंबरला फोन लावला, त्या घाबरल्या असं वाटलं, माफ करा, पण हे आधी बघा.

म्हणजे फोन 'त्याचा' नव्हता. क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. पण लगेच मला भाऊजींचा चेहरा दिसला.

"मी पुसलं होतं," ते म्हणाले. "कणगीने ठेवून घेतलं. मीच तिला तसं शिकवलंय, आणि मीच विसरलो."

रमाबाईंना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण नेमकं त्यांनीच विचारलं, "म्हणजे आमचा पत्ता आता कोणाकडे आहे?"

"ज्यांनी ज्यांनी कणगी नेली त्यांच्याकडे."

"किती जणांकडे?"

भाऊजी म्हणाले, "पुष्कळ." इतके दिवस लुंबिनी ज्या आकड्यावर नाचत होती, तो त्यांना आता तोंडाने उच्चारवेना. रमाबाई तशाच ऋचाकडे परत धावल्या.

फाइल त्यांनी तिथल्या तिथे काढून टाकली. पण गेलेली गेली होती. दुपारी लुंबिनी आली, रडली, आणि मग डोळे पुसून कामाचं बोलली. "बाबा, चुपचाप नवी फाइल ठेवा. ज्यांनी नेलीय त्यातल्या बहुतेकांनी ते बटण दाबलंसुद्धा नसेल. तुम्ही जाहीर केलंत की सगळे जाऊन दाबतील. बिल्कुल सांगू नका." पोरगी बापाचं नाव वाचवत होती हे खरं, पण तिचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मलाही तेच पटत होतं. मी भाऊजींवर ओरडले की आता पुन्हा काही शहाणपणा करू नका.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, ज्याने बघितलंय त्याला माहीत आहे. माहीत नाही ते फक्त त्या मुलींना. मला घाबरायचा अनुभव आहे. कशाला घाबरायचं हेच माहीत नसणं सगळ्यात वाईट."

आणि ते उठून खाली गेले. त्यांच्या मागून मी. ऋचा बाथरूममधून बाहेर आली होती, सोफ्याच्या कडेला बसली होती. भाऊजींनी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. एकही वाक्य अर्धवट सोडलं नाही. "चूक माझी आहे बेटा. सगळ्यांना सांगायचं की नाही, ते तू ठरव. सांगितलं तर त्याच्यापर्यंतही जाऊ शकतं."

ऋचा म्हणाली, "सांगा, काका. बाकीच्या मुलींना कळायला हवं. पण आधी या कॉलनीला सांगा. मी त्याचा फोटो देते. मी इथे आले तेव्हापासून तुमच्याशिवाय शेजारच्या कुणालाही खरं सांगितलेलं नाही. लपून राहिले. आता लपायला जागाच राहिली नाही ना."

मग आमचा प्रफुल्ल, ज्याला दुधवाल्याला उद्या येऊ नको हे सांगायला बायकोला पुढे करावं लागतं, तो ब्लॉकमधल्या एकेका दारासमोर उभा राहिला. बरोबर ऋचा, मोबाइलमध्ये फोटो. मुखर्जींचं दार, कुट्टींचं दार, रावतांचं दार. प्रत्येक दाराशी तीच वाक्यं. "जी, मेरी गलती से इस बच्ची का पता बाहर चला गया है. ये आदमी दिखे तो हमें फोन कीजिए. अंदर मत आने दीजिए." गेटवरच्या गार्डला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं. मुखर्जीबाईंनी ऋचाला जवळ घेतलं आणि बंगालीत काहीतरी पुटपुटल्या. कुट्टी नुसते मान हलवत राहिले. आम्हाला वाटलं त्यांना कळलंच नाही.

मेळाव्यातल्या बाकीच्या मुलींच्या घरीही ते गेले. द्वारका, गाझियाबाद, फरीदाबाद. माझ्याशिवाय जायची त्यांची छाती नव्हती, म्हणून मी बरोबर. काही जणांनी समजून घेतलं. एका बापाने दारातच त्यांचा असा उद्धार केला की माझा हात चपलेकडे गेला होता. भाऊजी हात जोडून उभे राहिले. जिना उतरताना त्यांना धरून उतरवावं लागलं.

मग त्यांनी कणगीच्या पानावर मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत जाहीर केलं. नमुन्याच्या फाइलमध्ये खऱ्या माणसांची माहिती गेली आहे, चूक माझी आहे, ती फाइल कृपा करून नष्ट करा. खाली स्वतःचं नाव आणि फोन नंबर. तेव्हा कणगी खऱ्या अर्थाने सगळ्यांना माहीत झाली. हसणाऱ्यांनी तो प्लग उपटल्याचा व्हिडिओ पुन्हा फिरवला, या वेळी शिव्यांसकट. वापरणारे भराभर सोडून गेले. त्याच दिवसांत भाऊजींनी कणगीला एक नवी गोष्ट शिकवली, पुसलं म्हणजे कायमचं पुसायचं. ते सांगत होते आणि लुंबिनी शेजारी बसून टाइप करत होती.

लुंबिनी म्हणाली होती तसंच झालं. 'दिल्ली की बौद्ध लड़कियों का डेटा' असा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत नागपूरला गेला, आणि तिथून आमच्याच एका ग्रुपवर परत आला. म्हणजे 'त्याच्या'पर्यंत नक्कीच गेला असणार.

ते दिवस मला आठवायलाही नको वाटतात. स्कूटर थांबल्याचा आवाज आला की रमाबाई खिडकीशी. मी रात्री जिन्याचं दार ओढून बघायला लागले, मी, जी भाऊजींना हसायची. सकाळी ऋचाला आयएनए मेट्रोपर्यंत सोडायला भाऊजी जायचे. दोघंही मागे वळून बघत चालायची. कुणाची सोबत कुणाला होती, कुणास ठाऊक.

आणि तो आला. सुट्टीचा दिवस, भर दुपार. मी गॅलरीत वाळवण उलटत होते. खाली जिन्याच्या तोंडाशी एक माणूस मुखर्जीबाईंशी बोलताना दिसला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा खोका, चेहऱ्यावर हसू. ते हसू बघून मी ओळखलं. खरं तर त्या खोक्याचीच मला जास्त भीती वाटली.

"कोई ऋचा-विचा नहीं रहती यहाँ," मुखर्जीबाई म्हणत होत्या.

"इसमें तो लिखा है, आंटी," त्याने मोबाइल पुढे धरला. "यही ब्लॉक है. नंबर भी है."

मी धडधडत खाली धावले. पण माझ्या आधी भाऊजी पोचले होते. गार्डने त्यांना फोन केला असणार. अंगात बनियन, पायात घरातल्या स्लिपर. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ते आडवे उभे होते, आणि कापत होते. लपून कापत नव्हते, सगळ्यांना दिसेल असे कापत होते.

"जय भीम, काका," तो मराठीत म्हणाला. "ऋचाला भेटायचंय. दोन मिनिटं."

"तो पत्ता माझ्या चुकीने बाहेर गेलाय," भाऊजी म्हणाले. "तो तुमचा नाही. परत द्या."

तो हसला. "परत? काका, भांडं आहे का ते, परत द्यायला?"

"माहीत आहे मला. तरी द्या." भाऊजींनी हात पुढे केला. तो हात त्याच्या तोंडासमोर थरथरत होता, पण मागे जात नव्हता.

"बाजूला व्हा, काका."

"नाही होत."

त्याने भाऊजींच्या खांद्याला धक्का दिला. ते कठड्यावर आपटले आणि पुन्हा त्याच पायरीवर येऊन उभे राहिले. मी किंचाळले. तोवर रावत बाहेर आले होते, त्यांची दोन्ही मुलं आली, इस्त्रीवाला हातातलं काम टाकून आला, गार्डने मागे गेट ओढून घेतलं. सगळ्यांनी तो फोटो पाहिलेला होता. वरून कुट्टींचा आवाज आला, स्वच्छ हिंदीत, ते पोलिसांना ब्लॉकचा नंबर सांगत होते.

मग जिन्यावरून ऋचा उतरली. रमाबाई तिचा हात मागे ओढत होत्या, तो तिने सोडवून घेतला. ती भाऊजींच्या मागच्या पायरीवर येऊन थांबली.

"हो, मी इथेच राहते," ती म्हणाली. "आणि तू कोण आहेस, ते इथे सगळ्यांना माहीत आहे."

इतकी वर्षं तो नुसता बघत उभा राहायचा आणि ती एकटी घाबरायची. आज सगळा ब्लॉक त्याच्याकडे बघत उभा होता. त्याचं हसू हळूहळू उतरलं. तो गेटकडे वळला, गेट बंद होतं. पोलीस येईपर्यंत तो मिठाईचा खोका तसाच हातात धरून मध्ये उभा राहिला, आणि कुणीही त्याच्याशी एक शब्द बोललं नाही.

पोलीस त्याला घेऊन गेले, ऋचा आणि रमाबाई जबाब देऊन परत आल्या, तरी भाऊजी त्याच पायरीवर बसलेले होते. प्रमोदिनीने, म्हणजे माझ्या जावेने, त्यांना तिथेच चहा दिला. कपबशीचा आवाज होत होता म्हणून मी कप काढून घेतला आणि ग्लासात ओतला. ऋचा त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"काका, तो परत येईल," ती म्हणाली.

खोटं बोलून धीर द्यावा, एवढंही या माणसाला जमत नाही. "येईल, बेटा," ते म्हणाले. "सांडलेलं परत भरता येत नाही मला."

"मग तुम्हीपण परत या. असेच. कापत कापत आलात तरी चालेल."

भाऊजींनी दोन्ही हातांनी ग्लास धरला. "मला दुसरं काही येतच नाही," ते म्हणाले.